हळदीकुंकवाची अ‍ॅडमिशन

दारातल्या मुलीने माझ्या लेकीच्या जॅकेटवर हिरवा स्टिकर लावला आणि माझ्या कोटावर पांढरा. हिरवा म्हणजे इथे शिकू पाहणारे, पांढरा म्हणजे त्यांना घेऊन आलेले आईबाप. मी दोन्ही स्टिकर सोलून काढले आणि त्यांची अदलाबदल केली. त्या मुलीला आधी काही उमगलंच नाही. मग तिचे कान लाल झाले आणि ती डचमध्ये भराभर माफी मागायला लागली. मी म्हटलं, राहू दे, असं करणारी तू पहिली नाहीस आणि शेवटचीही नसशील.

लेक मात्र एकदम खूश झाली. पालकांच्या खोलीत कॉफी आणि सफरचंदाचा केक ठेवला होता. "आय विल बी अ व्हेरी गुड पॅरेंट," असं म्हणून ती निघाली आणि चार पावलांवरून वळून म्हणाली, "आणि आई, प्लीज, प्लेसमेंटचं विचारू नकोस हं." माझी लेक मराठीत फारसं बोलत नाही. ती मराठी फक्त मला दटावण्यासाठी राखून ठेवते.

तो ओपन डाख होता, म्हणजे कॉलेज सगळ्यांना आतून बघायला मिळण्याचा दिवस. चाळिशी ओलांडल्यावर मला ग्राफिक कम्युनिकेशनची पदवी घ्यायची होती आणि त्यासाठीचं कॉलेज मी शोधत होते. इच्छा काही अचानक झाली नव्हती. लग्नाआधी पुण्यात नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये मी डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणेशोत्सवाची पावती पुस्तकं, क्लासच्या जाहिराती. हाताशी एक डिप्लोमा होता आणि मी कामात चांगली होते. हे सांगताना लाजायचं असतं म्हणतात, पण मला ते कधी जमलेलं नाही. गिऱ्हाईक मालकांना विचारायचं, "त्या मॅडम आहेत का? नसतील तर उद्या येतो."

मग लग्न झालं, नवऱ्याला नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ नोकरी लागली आणि आम्ही बेस्टला राहायला आलो. बेस्ट हे गावाचं नाव आहे, त्यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत. इथे मी मराठी मंडळाची पोस्टरं केली, दुकानांच्या पाट्या केल्या, लेकीच्या शाळेची पत्रकं केली. लोकांना ती आवडत होती. पण अमुक अक्षर अमुक जागी का, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. हाताला कळायचं, तोंडाला कळायचं नाही. याचा मला राग यायचा. डचची सरकारी परीक्षा मी केव्हाच दिली होती, लेक मोठी झाली होती, आणि मला आता माझ्या हाताला जाब विचारणारं कुणीतरी हवं होतं.

घरात हे सांगितल्यावर नवऱ्याने लॅपटॉप उघडला. हा त्याचा पाठिंबा देण्याचा प्रकार आहे. ऑफिसात सुट्या भागांचा पुरवठादार निवडताना तो जसं कोष्टक करतो, तसंच त्याने कॉलेजांचं केलं. उभ्या रांगेत कॉलेजं, आडव्या रांगेत निकष: अंतर, भाषा, नाव, नोकरीची शक्यता. प्रत्येक निकषाला वजन. मी म्हटलं, "मला पटतंय का, असाही एक कॉलम घाल." त्याने घातला. त्याचं वजन सगळ्यात कमी ठेवलं.

"अगं, ते सब्जेक्टिव्ह आहे," तो म्हणाला.

"अरे, शिकणारी मी आहे. मीच तर सब्जेक्ट आहे."

कोष्टकात दोनच कॉलेजं शेवटपर्यंत टिकली. एक आमच्या घरापासून सायकलने जाता येईल असं, इंग्रजीत शिकवणारं, काचेच्या मोठ्या इमारतीतलं. त्या पांढऱ्या-हिरव्या स्टिकरवालं तेच. दुसरं पूर्वेकडे, नदीकाठच्या एका गावात. तिथे ट्रेनने जायचं, शिक्षण सगळं डचमध्ये, इमारत जुनी, पण तळघरात छापखाना. पहिलं कॉलेज नवऱ्याच्या हिशेबात कितीतरी पुढे होतं. दुसरं तिथे टिकलं ते केवळ मी ते पुसू दिलं नाही म्हणून.

दोन्हीकडे परीक्षा नव्हती. एक काम करून न्यायचं आणि त्याबद्दल बोलायचं. योगायोगाने दोन्हीकडचा विषय जवळपास सारखाच होता. तुमच्या रोजच्या जगण्यातला, कुठेही न लिहिलेला एखादा नियम कागदावर दाखवा. मला विचार करावा लागलाच नाही. मी लग्नपत्रिका घेतली, आणि तीही माझ्याच लग्नाची, सासरच्या बाजूची. तिचा मजकूर प्रेसमध्ये मीच जुळवला होता. नवऱ्या मुलाकडच्यांना ठाऊकच नव्हतं, की प्रेसमध्ये त्यांचा मजकूर घेऊन बसलेली मुलगी हीच आपली होणारी सून आहे. म्हणजे सासूबाईंना ठाऊक होतं, बाकीच्यांना नव्हतं.

पत्रिकेत कुणाचं नाव कुठे येतं, याला शास्त्र आहे. आधी देव, मग कुलदैवत, मग गेलेली माणसं, मग हयात वडीलधारी, मग निमंत्रक. त्यातही धाकट्या काकांनी कार्यालय मिळवून दिलं असेल तर ते थोरल्यांच्या जवळ सरकतात, पण वर जात नाहीत. आत्याच्या यजमानांना कुठे घ्यायचं यावरून दोन घरांत अबोला झालेला मी पाहिलाय. कुणीतरी रुसणार अशी शंका आली, की तळाशी "आणि समस्त परिवार" टाकायचं. त्यात सगळे मावतात. मी ती पत्रिका दाराच्या निम्म्या उंचीच्या कागदावर मोठी केली आणि बारीक लाल रेषांनी दाखवलं, की हे नाव ह्याच्या वर का, त्याच्या खाली का, आणि जागा बदलली तर कोण कुणाशी बोलणं टाकेल. काम झाल्यावर मी मागे सरून पाहिलं. मला ते फार आवडलं.

त्या दिवसांत सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. आई इथल्या थंडीला घाबरत नाहीत, इथल्या सायकलींना घाबरतात. घरात काहीही नवं आलं, की आधी देवापुढे ठेवायचं आणि हळदीकुंकू लावायचं, हा त्यांचा नेम. आमच्या वॉशिंग मशीनला लावलंय, नवऱ्याच्या लॅपटॉपला लावलंय, लेकीच्या सायकलच्या हॅण्डलला लावलंय. लेकीने ते पुसलं नाही, उलट शाळेत मैत्रिणींना दाखवलं.

तेव्हा मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी जे झालं ते व्हायचंच होतं. लग्नपत्रिका दिसली, आणि पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून पहिली प्रत देवाला द्यायची असते. आईंनी कागद देवापुढे नेला, चारी कोपऱ्यांना बोटं टेकवली, नमस्कार केला आणि ओलं वाळायच्या आत कागद परत माझ्या मोठ्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवला. मला न सांगता, कारण त्यात सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही.

मी फोल्डर उघडलं ते थेट त्या काचेच्या इमारतीत, दोन शिक्षकांसमोर. वरच्या उजव्या कोपऱ्यातून कुंकवाचा एक लांब फराटा निघाला होता आणि काकांच्या नावांवरून जात पार आत्यांपर्यंत पोचला होता. त्याच्याशेजारी हळदीचा पिवळा डाग. मी रुमाल शोधायला लागले.

"डोंट टच इट!" त्यांतल्या बाई जवळजवळ ओरडल्याच.

मग दोघेही कागदावर वाकले. म्हणाले, केवढं धाडस! सगळं मोजूनमापून, यंत्राने बसवलेलं, आणि त्यावर एकदम हा हात. नियम आणि नियमाला छेद देणारा स्पर्श. रंगसुद्धा किती अस्सल. मी सांगितलं, हे मी नाही केलं, माझ्या सासूबाईंनी केलं. त्यावर ते अजूनच खुलले. दोन पिढ्यांनी मिळून केलेलं काम! त्यांच्यातल्या गृहस्थांनी विचारलं, की सासूबाईंना सहभागी करून घ्यायची कल्पना मला कधी सुचली. मी म्हटलं, सुचली नाही, त्या घरातच असतात. दोघे मनापासून हसले. माझ्या लाल रेषांबद्दल, अक्षरांबद्दल, मी रात्रंदिवस घासून बसवलेल्या त्या उतरंडीबद्दल एकानेही एकही प्रश्न विचारला नाही.

आठवडा संपायच्या आत मेल आली. मला जागा मिळाली होती. कारणही दिलं होतं: यंत्राच्या शिस्तीत हाताने केलेला निर्भय हस्तक्षेप.

घरात दिवाळी. नवऱ्याने कोष्टकात त्या कॉलेजपुढे हिरवा रंग भरला. मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका बाईंनी, ज्यांना मी दोनदाच भेटले होते, त्यांनी मला "आमची आर्टिस्ट" म्हटलं. आईंनी शिरा केला आणि वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, "बघ. आधी देवाला दाखवलं म्हणून झालं."

आणि मी धुमसत होते. आईंवर पाचेक मिनिटं रागावले, ते ओसरलं. त्या शिक्षकांवरही फार वेळ रागावता येईना. मी त्यांना सविस्तर मेल लिहून सगळा प्रकार कळवला होता, आणि त्यांचं उत्तर अतिशय सभ्य आलं होतं. अपघात हाही कामाचाच भाग असतो, तो राहू देणं हासुद्धा एक निर्णय असतो, जरूर या. यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तो फराटा मी राहू दिला नव्हता, मला फक्त रुमाल सापडला नव्हता.

"त्यांनी मला घेतलंच नाहीये," मी नवऱ्याला म्हटलं. "त्यांनी आईंना अ‍ॅडमिशन दिलीय. पाठव त्यांना. सायकलने जाता येतं."

"मला नको बाई सायकल," आतून आवाज आला.

खरा पेच पुढेच होता. काचेच्या कॉलेजला होकार किंवा नकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता आणि नदीकाठच्या कॉलेजात माझी मुलाखत त्याच्या पुढच्या आठवड्यात होती. नवऱ्याच्या मते यात पेच नव्हताच. "आत्ता हो म्हण, तिकडचं झालं तर मग नाही म्हण. ऑफर लेटरचं आपण सगळे असंच करत आलोय ना? मी स्वतः तीन खिशात ठेवून चौथीकडे गेलो होतो."

"ती नोकरी होती. इथे माझ्यामुळे कुणाच्या तरी पोराची जागा अडेल."

"आणि तिकडे नाही झालं तर? वर्ष जाईल तुझं. तुझंच म्हणणं होतं ना, की आता वाट बघायची नाही?"

हे मात्र लागलं, कारण खरं होतं. त्या वयात वर्ष म्हणजे नुसतं वर्ष नसतं. लोक मला हसतील याची मला भीती नव्हती. मला भीती होती ती माझीच. एकदा थांबले तर पुढच्या वर्षी उमेद राहील का? पण त्या हसऱ्या, प्रेमळ कॉलेजात चार वर्षं गेली असती आणि चार वर्षं मला कळलं नसतं, की मला खरंच काही येतं का. कौतुक करून घ्यायला मला घर होतं, मंडळ होतं. त्यासाठी सायकल चालवायची गरज नव्हती. गुरुवारी मी नकार कळवला. नवऱ्याने कोष्टकातला हिरवा रंग काढला आणि लॅपटॉप मिटला. मला त्याचं वाईट वाटलं, पण निर्णयाचं वाटलं नाही.

मग मी कागदाची नवी प्रत छापून आणली, स्वच्छ, डाग नसलेली. आईंना सांगितलं, की ह्या वेळी देवाला लांबूनच दाखवा. त्यांनी फोल्डरकडे पाहून हात जोडले आणि त्यावर समाधान मानलं.

नदीकाठच्या गावाला मी एकटी गेले. कॉलेज पूर्वी कसलातरी कारखाना असावं. जिन्यावर शाईचा वास होता, तो नारायण पेठेतल्यासारखाच होता, आणि त्या वासाने मला उगाच बळ आलं. मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. केस पिकलेले, अंगात शाईचे डाग पडलेला एप्रन. त्यांनी हात मिळवला, नाव सांगितलं, आणि हवापाण्याच्या गप्पा न मारता कागदासमोर उभ्या राहिल्या. माझं डच भाजी घेण्यापुरतं नक्कीच नव्हतं, पण भांडण्याइतकं आहे का, हे मी कधी तपासलेलं नव्हतं. त्या दिवशी तपासलं गेलं.

"ह्या लाल रेषा कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"बघणाऱ्यासाठी. नियम कळावा म्हणून."

"ज्यांच्या घरात असं कार्ड येतं, त्यांना रेषा लागतील?"

"नाही."

"म्हणजे तू हे आमच्यासाठी केलंस. प्रवाशाला शहर दाखवावं तसं. मला वाटाड्या नको होता."

मी सांगितलं, की रेषा काढून टाकल्या तर तुम्हाला काहीच कळणार नाही. त्या म्हणाल्या, मला न कळण्याची जबाबदारी माझ्यावर सोड. मी म्हटलं, मग हे काम कम्युनिकेशन कसं? त्या म्हणाल्या, हा प्रश्न चांगला आहे, आणि पुन्हा कागदाकडे वळल्या. मला घाम फुटला होता आणि मजा येत होती. इतक्या वर्षांत माझ्या कामाशी कुणी इतका वेळ भांडलं नव्हतं.

मग त्यांनी बोट ठेवलं. त्यांना देवनागरीतलं एक अक्षरही येत नव्हतं, म्हणूनच त्यांना ते दिसलं असावं. "हे छोटं चिन्ह. हे इथे आहे, इथे आहे, इथेही. सगळीकडे तेच. हे काय आहे?"

मी पाहिलं. ते "सौ." होतं. "सौ. व श्री." आणि पुढे काकांचं नाव. "सौ. व श्री." आणि पुढे आत्याच्या यजमानांचं नाव.

"ती बायको," मी म्हटलं. "लग्न झालेली बाई, असं त्याने कळतं. पुढे नवऱ्याचं नाव."

"सगळीकडे एकच बाई?"

"नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळी."

"ते मला कसं दिसणार?"

मी कागदावरचं एकेक "सौ." पुन्हा पाहत गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू मला सांगतेस, की न लिहिलेला नियम दाखवतेस. काकांमध्ये वर कोण आणि खाली कोण, हा लहान नियम आहे. मोठा नियम त्याच्याशेजारी बसलाय आणि त्याला एकही रेष नाही."

प्रेसमध्ये असताना मी "सौ. व श्री." साठी एक शॉर्टकट करून ठेवला होता. दोन कळा दाबल्या की एका झटक्यात उमटायचं. इतर मुली माझ्याकडून तो शिकून गेल्या होत्या, आणि मला त्याचा अभिमान होता. किती बायका मी त्या दोन कळांनी छापल्या असतील! आख्ख्या पत्रिकेत एकटी नवरी तेवढी स्वतःच्या नावाने येते, ठळक, सोनेरी शाईत. तीही एकदाच. पुढच्या दिराच्या लग्नाला तिचीही दोन कळांत वर्णी लागते. माझी लागली होती, ती पत्रिकाही मीच इथून जुळवून पाठवली होती आणि मला काही खटकलं नव्हतं.

"मी आज तुला हो म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "नाहीही म्हणत नाही. हे पुन्हा कर आणि महिनाअखेर घेऊन ये. मग ठरवू."

घरी आल्यावर नवऱ्याने तोंड बघूनच ओळखलं. "म्हणजे आता दोन्हीकडचं गेलं?"

"नाही. आता काम सुरू झालंय," मी म्हटलं. मी इतकी चिडलेली होते आणि इतकी आनंदात होते, की मला त्याला नीट समजावताही येईना. जाब विचारणारं माणूस भेटलं होतं. जागा मिळो न मिळो, निवड माझ्यापुरती झालेली होती. फक्त आता त्यांनी मला निवडायचं राहिलं होतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी पत्रिका पसरली. प्रत्येक "सौ." मागची बाई मला हवी होती. पहिला प्रश्न नवऱ्याला केला, "थोरल्या काकूंचं नाव काय?"

त्याने विचार केला. मग अजून विचार केला. "काकू," तो म्हणाला.

"बाबा, सीरियसली?" लेक ओरडली.

"अगं, काकूला काकूच म्हणतात! नाव कशाला लागतंय?"

आईंना मात्र सगळं पाठ होतं. थोरल्या जाऊबाई, मधल्या, नाशिकच्या, चुलत सासूबाई, आत्या, आत्यांच्या जावा. भाजी निवडता निवडता त्या एकेक नाव सांगत होत्या आणि नावासोबत माणूसही. ही पेटी वाजवायची, ही मॅट्रिकला पहिली आली होती, हिच्या हातचं लोणचं कुणाला जमलं नाही. लेक शेजारी बसून ऐकत होती. तिला अर्धीअधिक माणसं फोटोपुरती माहीत होती. मी टाइप करत होते. आता दोन कळांनी काम भागणार नव्हतं, प्रत्येक नावाला पुरी अक्षरं लागत होती.

शेवटी निमंत्रकांची ओळ आली. सौ. व श्री., आणि पुढे सासऱ्यांचं नाव. ही सौ. माझ्यासमोर पालक निवडत बसलेली होती.

"आई, आता तुमचं."

आईंचे हात थांबले. "कोणतं सांगू? इथलं की तिथलं?"

लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलायची चाल होती. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर नवीन नाव लिहायचा, मग जन्मभर ते चालायचं. मला हे माहीत होतं, मी माझं बदलू दिलं नव्हतं. पण आईंना माहेरचं वेगळं नाव असेल, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं. त्याचे मामा आईला ताईच म्हणायचे.

"आजी, यू हॅव टू नेम्स?" लेकीने विचारलं. मग तिला वाटलं असावं, की हे इंग्रजीत विचारायचं नाही. "तुझं आधीचं नाव काय होतं?"

आईंनी ते सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगते, की ते एका फुलाचं नाव होतं आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा आला, जणू दुसऱ्याच खोलीतून. नवरा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. त्याने ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी लाल रेषा काढून टाकल्या. पत्रिका जशीच्या तशी ठेवली, आणि प्रत्येक "सौ."वर त्या त्या बाईचं नाव दुसऱ्या रंगात छापलं, नवऱ्याच्या नावाइतक्याच टाइपात. ओळी दाटल्या, नावं एकमेकांवर चढली, काकांची शिस्त पार विस्कटली. महिनाअखेरीस तो कागद घेऊन मी पुन्हा नदीकाठच्या गावी गेले. एप्रनवाल्या बाईंनी तो पाहिला. खालच्या अर्ध्या भागात ओळींमधली जागा चुकली आहे, हे त्यांनी सांगितलं, आणि ती चुकलीच होती. वादाला जागा नव्हती, तरी मी थोडा घातला. मग त्या म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये ये. हे अजून झालेलं नाहीये, पण आता आपल्याला बोलायला काहीतरी आहे."

आई पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तो कागद बैठकीच्या भिंतीवर लावलेला होता. मी स्वयंपाकघरातून बघत होते. आईंनी चष्मा लावला आणि जवळ जाऊन निमंत्रकांची ओळ शोधली. तिथे "सौ."वर त्यांची दोन्ही नावं होती, इथलं आणि तिथलं. तिथलं, माहेरचं, मी जरा बारीक ठेवलं होतं, ओळीत बसावं म्हणून. बोट त्यांनी कागदाला लावलं नाही, नुसतं त्या बारीक नावासमोर धरलं.

"हे जरा मोठं कर की," त्या म्हणाल्या.